भूगोलाला खळीचा वास

कमल तांबोळी बाईंचं पत्र आलं तेव्हा गौरी-गणपती नुकते झाले होते. बंद पाकीट, वर त्यांचं ते मास्तरणीचं ठळक, सुटं अक्षर. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि उत्तर दिलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, तरी दिलं नाही.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो तेव्हा दर शनिवारी पुस्तक बदलायला यायच्या, आणि परत करताना त्या पुस्तकाबद्दल दोन वाक्यं तरी बोलायच्याच. मी ‘हो ना’ म्हणायचो. माझं मत उलट असलं तरी ‘हो ना’. आता त्या लातूरला आपल्या मुलाकडे असतात.

त्यांनी लिहिलं होतं: ‘उंबरकर, सप्रेम नमस्कार. निद्रापाठाची चौकशी करायला समिती नेमली आहे. समितीला फोनवरची हकीकत चालत नाही, सही केलेला कागद लागतो. माझ्याशी पुष्कळ घरं बोलली. लिहून द्यायला कोणी तयार नाही. तुमची नात सातवीत आहे आणि तिने भूगोलाला घरून कोणता वास नेला हे मला कळलं आहे. मला एवढंच सांगा, त्या वासापाठी तिचं काही हरवलं आहे का? हरवलं नसेल तर तसंही लिहा.’

उत्तराला अर्धा कागद पुरला असता. पण मला खात्री नव्हती. मला फार थोड्या गोष्टींची खात्री असते. गॅस बंद केला का हे मी परत जाऊन बघतो, आणि बघितल्यावरही नीट बघितलं का अशी शंका येते. असा माणूस सही करून काय देणार?

निद्रापाठ आमच्या गावच्या शाळेत जूनमध्ये सुरू झाला. माझी सून प्रणिता तिथे सातवीची वर्गशिक्षिका, आणि तिलाच त्या कामाची समन्वयक नेमलं होतं. पहिल्या आठवड्यात पालकांची सभा झाली. शर्वरीचा पालक म्हणून मी गेलो, कारण तिची आई तर व्यासपीठावर उभी होती. मी मागच्या बाकावर बसलो. सातवीच्या बाकात माझे गुडघे मावत नव्हते.

प्रणिताने या सत्रात सातवी काय शिकणार ते वाचून दाखवलं. गणितात पूर्णांक संख्या, मसावि-लसावि. त्याला हिंगाचा वास. मराठीच्या कवितांना वाळा. इतिहासाला कापूर. विज्ञानाला ओवा.

पुढच्या बाकावरून पिठाच्या गिरणीचे हणमंत कोरे उठले. “मॅडम, म्हणजे आमचा समर्थ आमटी ओरपताना लसावि काढत बसणार का?”

“बसला तर बरंच आहे की,” प्रणिता म्हणाली. “गिरणीचा हिशोब तरी जुळेल.”

“मॅडम, माझा हिशोब जुळत नाही तेच बरं आहे,” कोरे म्हणाले. सभा हसली आणि सगळे जरा सैल झाले.

यामागचं तत्त्व साधं आहे आणि ते खरं आहे. माझा आक्षेप त्याला नाही. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा चाळतो. चाळलं जातं ते पक्कं होतं, बाकीचं विरत जातं. त्यातलं काय चाळायचं हे आपल्या हाती नसतं. पण नाकाची वाट वेगळी आहे. आवाजाने, उजेडाने झोपलेला माणूस जागा होतो. मंद वासाने सहसा होत नाही, आणि तो वास आठवणींच्या जागेपर्यंत अगदी जवळच्या रस्त्याने पोचतो. तेव्हा धडा शिकताना एक वास दिला आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, की मेंदू तोच धडा उपसून काढतो. मुलाच्या मनगटावर एक पट्टी असते, ती गाढ झोप ओळखते. उशाजवळ एक डबी असते, ती उघडते आणि मिटते. आठवडाभर असं झालं की धडा वर्षानुवर्षं हलत नाही.

परदेशात ज्यांनी हे शोधलं त्यांनी वास मुद्दाम अनोळखी घेतले होते. प्रयोगशाळेत बनवलेले, कुठल्याच घरात नसलेले. ते वास आपल्याला महाग पडत होते. शिवाय निद्रापाठ आखणाऱ्या आपल्या समितीवर सगळे अध्यापनाच्या पदविका घेतलेले लोक. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मुलाला माहीत आहे तिथून सुरू करायचं आणि माहीत नसलेल्याकडे न्यायचं. अपूर्णांक भाकरीवर शिकवायचे, वर्तुळ बांगडीवर. मग वासही ओळखीचाच हवा. यात काही चूक असेल असं कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नाही. उलट बरं वाटलं, की चला, आमच्या हिंगाला मान मिळाला.

भूगोल शिल्लक होता. प्रणिताने शेवटची ओळ वाचली: “भूगोलासाठी प्रत्येक मुलाने आपल्या घरचा, आवडता वास आणायचा आहे. हा या वर्षीचा खास उपक्रम आहे.”

“आमच्या घरी म्हशीचा आहे,” कोणीतरी म्हणालं.

“चालेल,” प्रणिता म्हणाली. “डबीत मावला पाहिजे.”

त्या रविवारी शर्वरी माझ्याजवळ आली. बारा वर्षांची पोर, उंचीला आईच्या खांद्याला लागलेली. “आजोबा, मला खळ करायची आहे. बाबा करायचे तशी.”

तिचा बाबा म्हणजे माझा निनाद. तो पुस्तकं बांधायचा. वाचनालयाची, शाळांची, कोर्टातली, वकिलांची. आता कोण बांधून घेतं असं लोक विचारायचे, पण चार तालुक्यांत तो एकटाच उरल्यामुळे त्याच्याकडे काम भरपूर होतं. दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मोटारसायकलवर येताना सीना नदीच्या पुलाच्या अलीकडे गेला. आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्याचा शिकंजा, पुस्तकं दाबायचा तो लोखंडी सापळा, अजून तसाच आहे.

मी पातेलं काढलं. मैदा गार पाण्यात कालवला, गुठळी राहू दिली नाही, मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहिलो. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं हे शर्वरीनेच सांगितलं. ताजी खळ पिठल्यासारखी दिसते आणि तिला फारसा वास नसतो. दुसऱ्या दिवशी ती जराशी आंबते, आणि मग तो वास येतो. कच्चं पीठ, आंबूस काहीतरी, जुना कागद. आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी पातेल्यावर वाकलो.

“आला,” शर्वरी म्हणाली आणि डोळे मिटले. “बाबा मला शिकंज्यावर बसवायचे. म्हणायचे, तू बस, वजन कमी पडतंय. मग माझ्या नाकाला खळ लावायचे. वाळली की ताणायची. मग मी हसायचे नाही मुद्दाम, हसलं की तडा जायचा. आणि ते दोरा ओवताना गुणगुणायचे, एकच ओळ. पुढची त्यांना येतच नव्हती.”

“गाता गळा नव्हता त्याला,” मी म्हणालो.

“तुम्हाला तरी कुठे आहे?”

आम्ही ती खळ डबीत भरली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पोर बापाला उशाशी घेऊन झोपणार, असं मी मनात म्हणालो.

पहिल्या सत्रात भूगोलाला सूर्य, चंद्र व पृथ्वी आणि भरती-ओहोटी हे धडे होते. शर्वरीने समुद्र पाहिलेला नाही. घटक चाचणीत तिला भूगोलात पैकीच्या पैकी पडले. नुसते गुण नव्हेत. ती समजून बोलायची. भांगाची भरती कधी, उधाणाची कधी, अष्टमीला पाणी कमी का चढतं, हे ती कोऱ्यांच्या समर्थला अंगणात दोन लिंबं आणि एक नारळ घेऊन समजावत होती, आणि तो शहाणा मुलगा नारळ कधी फोडणार एवढंच विचारत होता.

साधारण त्याच सुमाराला मी सहज म्हणालो, “बाबा तुझ्या नाकाला खळ लावायचा तशी…”

“कधी?” शर्वरी म्हणाली.

तिने टाळण्यासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. मी म्हणालो, लहानपणी. ती ‘अच्छा’ म्हणाली, छान वाटलं असं दाखवायला हसली आणि पुस्तकाकडे वळली. पाहुण्याने आपल्या गावाचं कौतुक सांगितलं की आपण हसतो तसं.

मी स्वतःला समजावलं. मुलं विसरतात. दोन वर्षं हा बारा वर्षांच्या पोरीला मोठा काळ आहे. कदाचित मीच चुकत असेन, जूनमध्ये तिने सांगितलं ते मीच मनाने वाढवून ठेवलं असेल. म्हातारपणी माणसं असं करतात. तांबोळी बाईंचं पत्र आलं ते याच दिवसांत, आणि माझ्याकडे द्यायला होतं ते एवढंच: मला वाटतं की, पण कदाचित नसेलही.

मग सहामाही परीक्षेनंतर वाचनालयातून माझ्याकडे एक पुस्तक आलं. पाठ उसवलेली होती. तिथली नवी मुलगी म्हणाली, सर, तुमच्याकडे सामान आहे म्हणून. मी पुन्हा खळ केली. मागच्या खोलीत पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा शर्वरी दारातून आत आली, थबकली आणि तिचा चेहरा उजळला.

“समुद्र,” ती म्हणाली.

मी पळी खाली ठेवली.

“आजोबा, हा वास आला की मला समुद्र दिसतो. खरंच. पाणी मागे मागे जातं, मग ओली वाळू, आणि चंद्र वर. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की ओढ वाढते…” ती बोलत राहिली. पुस्तकातलीच वाक्यं, पण ती नुसती आठवून म्हणत नव्हती, तिला ती डोळ्यांसमोर दिसत होती. शिकंजा तिच्या कोपराशी होता. तिने त्याच्यावर हात टेकला, टेबलावर टेकतात तसा.

“याच्यावर कोण बसायचं?” मी विचारलं.

तिने शिकंज्याकडे पाहिलं. “यावर बसतात?”

वाचनालयात आमच्याकडे कार्डांचे खण होते. एका विषयाच्या नावाखाली पंचवीस कार्डं. जे कार्ड रोज काढलं जातं ते खणात पुढे येतं आणि बाकीची आपोआप मागे सरकतात. पाच वर्षांनी मागचं कार्ड खणात असतं, पण कोणाचा हात तिथवर जात नाही. वासाचंही तसंच. खळीच्या वासाखाली पोरीच्या डोक्यात बाप होता. त्या खणातून रोज फक्त भरती-ओहोटी बाहेर काढली गेली. अनोळखी वासाच्या खणात दुसरं कार्डच नसतं, म्हणून परदेशातल्या मुलांचं काही गेलं नाही. आपण भरलेले खण वापरले, आणि जितका खण भरलेला तितका धडा छान बसतो हे पाहून खूष झालो.

दुपारी प्रणिता स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर पाटावर बसलो आणि शेंगा सोलायला लागलो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही.

“प्रणिता, शर्वरीला निनादचं काही आठवत नाही.”

“आठवतं, मामा,” ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. “नाव आठवतं, फोटो ओळखते, कसा गेला ते माहीत आहे.”

“तेवढं तर गावालाही माहीत आहे.”

तिने एक शेंग दोनदा सोलली. “तुम्ही तिला आडून आडून विचारताय ते दिसतंय मला. विचारू नका. तिला वाटेल आपलं काही चुकलं.”

“तुला कधी कळलं?”

ती म्हणाली, “आमच्या प्रशिक्षणात तोंडी सांगितलं होतं. दुःखाचा वास घेऊ नका, एवढंच. कारण सांगितलं नाही, पण माणसाला कळतं की. शर्वरी खळीची डबी घेऊन आली तेव्हाच मला परत पाठवायला हवी होती.”

“मग?”

“मग काय, मामा. दोन वर्षं तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपत होता. मी तिच्या शेजारी झोपत होते. ती काय करायची हे तुम्हाला मी सांगितलं नाही. सकाळी उशीचे अभ्रे कशाला बदलते असं तुम्ही एकदा विचारलं होतं. ही पोर झोपेत रस्त्यावरून पुस्तकं गोळा करायची. हातांनी. असं.” तिने हवेत पालथे हात फिरवून काहीतरी गोळा केलं. “डबी आल्यापासून ती झोपते. तिला झोप लागते, मामा.”

सोललेले दाणे मी सालींच्या ढिगात टाकत होतो, ते तिने माझ्या हातातून काढून घेतले.

“आणि तुझं?” मी विचारलं.

“माझं काय? मला कोण डबी देणार? मला सगळं आठवतं.”

ती म्हणाली त्यात खोट नव्हती. माझ्या मनात आलं, आपण बाईंना लिहून कळवणार तरी काय? पोरीचं हरवलं म्हणून? पोर तर खुशीत आहे. मी पुन्हा काही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी शर्वरी उड्या मारत घरी आली. शाळेने दुसऱ्या सत्राचं जाहीर केलं होतं. भूगोलाचा निकाल सर्वांत चांगला लागल्यामुळे आता सगळ्याच विषयांना घरचा वास. विज्ञानाला पेशीरचना, सूक्ष्मजीव, मानवी स्नायू आणि पचनसंस्था. ती दप्तर न उतरवताच माझ्याकडे आली आणि माझ्या अंगावरच्या शालीत तिने नाक खुपसलं.

“विज्ञानाला हा,” ती म्हणाली.

“शालीचा?”

“तुमचा. शाल म्हणजे तुम्हीच की. वेखंड, निलगिरी आणि जुनी पुस्तकं. जितका जुना ओळखीचा वास तितकं पक्कं बसतं. आम्ही वर्गात ठरवलंच आहे. समर्थ आजीची तपकीर आणणार आहे. मी म्हटलं, माझे आजोबा सगळ्यात जुने आहेत.” आणि हसली. “एक तुकडा कापून द्याल का? आतल्या बाजूचा, दिसणार नाही असा.”

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. “आत्ता यात काय आहे गं? वास घेतलास की काय येतं?”

तिने पुन्हा नाक लावलं. “आत्ता? थांबा. वाचनालय. मी टेबलाखाली बसलेय आणि तुम्ही त्या ठोंबरे आजोबांना पेपर वाचून दाखवताय, ओरडून, कारण त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही एरवी कधीच ओरडत नाही ना, म्हणून मला मजा वाटतेय. मी खारी खातेय. तिचा चुरा तुमच्या चपलेत पडलाय आणि मी तो काढत नाहीये.” तिने डोळे उघडले. “आणि तुम्ही माझं कार्ड केलं होतं. वाचक क्रमांक शून्य.”

मी म्हणालो, “बघतो.”

हा माझा नेहमीचा शब्द. कोणालाही नाही म्हणायचं नसलं की मी बघतो म्हणतो. शर्वरी खुशीत आत गेली.

मी जिवंत आहे, घरातच आहे. माघ उजाडेल तेव्हा तिला माझ्याबद्दल एवढंच ठाऊक असेल: आजोबा, बाहेरच्या खोलीत राहतात, वाचत असतात. शालीचा वास आला की तिला जठर आठवेल, लहान आतडं आठवेल. ती माझ्याशी चांगलंच वागेल. ‘अच्छा’ म्हणून ती माझ्याकडे बघून हसली होती, ते हसू मला आता रोज मिळेल. आणि मग मला एक गोष्ट कळली, जी मला आधी कळायला हवी होती. निनादच्या बाबतीत मी घाबरलो नव्हतो, हळहळलो होतो. आता स्वतःवर आलं तेव्हा घाबरलो. ते लाजिरवाणं होतं. पण त्या भीतीतच मला पहिल्यांदा दिसलं, की हे वर्गातल्या सगळ्यांचं होणार आहे. कोऱ्यांच्या समर्थची आजी अजून जिवंत आहे, पोरगा तिच्या मांडीवर वाढला आहे, आणि तो आनंदाने तिची तपकीर डबीत भरतो आहे.

त्याच दुपारी मी कागद घेतला. चार ओळींतच लिहायचं ठरवलं होतं, दोन पानं झाली. जूनमध्ये शर्वरी काय बोलली होती ते लिहिलं, शिकंजा, नाकावरची खळ, गाण्याची एक ओळ. ऑक्टोबरमध्ये काय झालं ते लिहिलं. शाळेचं नाव घातलं. खाली लिहिलं, की समन्वयकांना या परिणामाची कल्पना नव्हती. मग कागद प्रणिताच्या हातात दिला, कारण तिच्या मागे तो पाठवणं मला जमलं नसतं.

तिने उभ्यानेच वाचला.

“हे पोचलं की मला खुलासा मागतील,” ती म्हणाली. “मग काम काढून घेतील. कदाचित नोकरीही. आपण तिघं खाणार काय? तुमच्या वाचनालयाला पेन्शन नाही.”

“माहीत आहे.”

“आणि पोरगी पुन्हा रात्री उठायला लागली तर?”

“मी जागा राहीन.”

“तुम्ही.” ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “तुम्ही नवाला घोरायला लागता.” मग ती खाली बसली. “आणि तिचं जे गेलं ते परत येणार आहे का? डबी बंद केली तर?”

“वाटत नाही. पुष्कळ वाचलं मी. कोणी तसं म्हणत नाही.”

“मग हे कशासाठी?”

“दुसऱ्या सत्रासाठी,” मी म्हणालो.

अंगणात शर्वरी आणि समर्थ कोणाचा वास जुना यावर भांडत होते. प्रणिता ऐकत बसली. मग तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“हे काढा. ‘कल्पना नव्हती.’ मला कल्पना होती. तसं लिहा. नाहीतर हा सगळाच कागद खोटा, आणि पहिला प्रश्न विचारतील तेव्हा तुम्ही तिथे ‘हो ना’ म्हणून मोकळे व्हाल. मी ओळखते तुम्हाला.”

“प्रणिता, त्याने तुझं…”

“माहीत आहे काय होईल ते.” तिने ती ओळ स्वतःच खोडली, वर नीट अक्षरात लिहिलं, ‘समन्वयक म्हणून मला कल्पना होती’, आणि बाजूला सही केली. तपासलेल्या वहीवर करते तशी, तारखेसकट. मग पेन माझ्याकडे दिलं. “आता तुम्ही करा.”

शर्वरीला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, शालीचा तुकडा मिळणार नाही आणि या सत्रात डबीही नाही. पोर खूप रडली. सगळे पुढे जाणार आणि मी एकटीच पुस्तक घोकत बसू का, असं म्हणाली. आजोबांना माझा पहिला नंबर बघवत नाही, असंही म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत होतो. ते मला ऐकू यावं म्हणूनच ती मोठ्याने बोलत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रणिताने तिला माझ्याबरोबर पोस्टात पाठवलं. ती दोन पावलं मागून चालत होती. पोस्टाच्या पायरीवर मी थांबलो आणि पाकीट उघडंच तिच्या हातात दिलं.

“तुझ्याबद्दल आहे. आधी तू वाचायला हवं.”

तिने उभं राहून दोन्ही पानं वाचली. मध्ये एकदा परत मागच्या पानावर गेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्या कुठल्या मुलीची गोष्ट वाचावी तसं ती लक्ष देऊन वाचत होती.

“ही मी?” तिने विचारलं.

“हो.”

“नाकाला खळ लावायचे, आणि मी हसायचे नाही?”

“तडा जाईल म्हणून.”

तिने नाकाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे रोखून पाहिलं, आईसारखंच. “तुम्हाला नक्की आठवतं, आजोबा? की तुम्हाला नुसतं वाटतं?”

“नक्की आठवतं,” मी म्हणालो.

राग अजून गेला नव्हता, पण तो तिने बाजूला ठेवलेला दिसत होता.

“मग मला हे लिहून द्या,” ती म्हणाली. “या कागदावरचं, बाबांचं. मी पाठ करते.”

मी कागद तिच्याकडून घेतले, घडी घातली, पाकिटाला डिंक लावून ते दाबून धरलं, वाळेपर्यंत. मग पेटीत टाकलं.